नाखव्यांची फुरसतीची वही

दुपारी जेवून मी ओटीवर आडवा झालो की मोरेश्वर नाखवा उशाशी येऊन विचारतात, "गुरुजी, झोप लागली, का तुमी घेतली?" लागली असेल तर ती शरीराची गरज, घेतली असेल तर फुरसत. दोन्हींचे रकाने वेगळे. आता झोपलेल्या माणसाने यावर काय बोलायचं, सांगा बरं. मी चिडतो, कूस बदलतो, आणि माझी झोप तिसऱ्या रकान्यात जाते: मोडली.

नाखवा माझे शेजारी. रेवसच्या अलीकडे आमचं गाव. त्यांनी जन्मभर होडी चालवली, गुडघे कुरकुरायला लागल्यावर ती मुलाच्या हवाली केली, आणि साठाव्या वर्षी सरकारी विद्यापीठात नाव घातलं. विषय, उद्यानं, मनोरंजन आणि फुरसत. गावाची हसून हसून पुरेवाट झाली. फुरसतीत शिकण्यासारखं काय असतं? नाखवा म्हणाले, "मासं मारायला शिकलो, मंग बसायला नको शिकाया?"

शिकले मात्र मन लावून. धक्क्यावर लाँचची वाट बघणाऱ्यांत जाऊन बसायचे आणि कोण किती वेळ काहीच करत नाही ते टिपायचे. सुरूच्या बनात एखादा पाहुणा फोनवर ऑफिसशी बोलताना दिसला की यांचा जीव हळहळायचा. "बिचारा. सुट्टी हाय, फुरसत न्हाय."

शेवटच्या वर्षाला घोडं अडलं. विद्यापीठाने काम दिलं: घरच्या माणसासोबत एक तास निवांत बसायचं आणि तिथल्या तिथे वहीत लिहायचं. मागाहून आठवून लिहिलेलं चालणार नाही. सोमवारी वही दिली नाही तर वर्ष गेलं.

घरचं माणूस म्हणजे पार्वतीवहिनी. त्यांना रिकामं बसलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. शुक्रवारी त्या किनाऱ्यावर आल्या त्या सुपात सुकट निवडायला घेऊन. शनिवारी लसूण. नाखव्यांनी लसूण काढून घेतला, तर वहिनी वाळूतल्या बाटल्या गोळा करायला लागल्या. "तुमच्या कालेजात हातांचं काय करतात?" त्यांनी विचारलं.

राहिला रविवार. मी ओटीवरून पाहत होतो. दोघं सुरूच्या ओंडक्यावर बसलेली. ऊन पिवळं झालेलं, होड्या चिखलात कलंडून पडलेल्या, पाणी इतकं लांब गेलेलं की त्याचा आवाजही येईना. सगळा किनाराच पेंगत होता. मलाही डुलकी लागली, आणि ती कुठल्या रकान्यातली हे विचारायला कोणी आलं नाही.

दिवे लागले तेव्हा नाखवा वही घेऊन आले. पान कोरं.

"अहो, हे काय केलंत? आजही कामच काढलं का वहिनींनी?"

"न्हाय. गप बसली. मंग माझ्या खांद्याव डोकं टाकून झोपली. लगीन झाल्यापासून पयल्यांदा."

"मग तेच लिहायचं ना!"

"पेन त्याच बाजूच्या खिशात व्हता, गुरुजी. काढाया गेलो असतो तं उठली असती."

मला भरून आलं. तरी मास्तरकी जाते कुठे? म्हटलं, "आता लिहून टाका. कोणाला कळतंय?"

"मागाहून लिवायचं न्हाय," नाखवा वही मिटत म्हणाले. "जाउंदे ह्ये साल. पुढल्या सालाला परत बसू. तिला इचारलं मी. येते म्हनाली."