सुकेळी यंत्रारूढ जाहली त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायण प्रसन्न. जे डोळां देखिले आणि जिभेने पारखिले, तेवढेच येथे लिहिले. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, फाल्गुन मासी, समुद्रकाठच्या एका घरच्या राज्यात भागीरथीबाईसाहेब गादीवर होत्या. पिकली राजेळी केळी सोलावी, गच्चीवर सात दिवस उन्हात निजवावी, आणि मधाचा रंग चढला म्हणजे पानात बांधावी, ही सुकेळ्यांची रीत, आणि तीत बाईसाहेबांची बरोबरी करणारे पूर्वीही कोणी नव्हते. आता तैसे हात विरळे. त्या समयी परमुलखी त्यांच्या धाकट्या भगिनी मथुताई दुखण्याने अंथरुणास खिळल्या, आणि अन्न तोंडी जाईना, आणि त्यांचा लेक निरोप घेऊन आला की, "अक्का, तुझी सुकेळी मिळाली तर दोन घास खाईन." लेक तिसरे दिवशी माघारा निघणार. मग बाईसाहेबांनी उन्हाच्या भरवशावर दोन डझन केळी सोलविली, आणि सात नाही तर तीन दिवसांत सुकतील तेवढी सुकतील म्हणावे तो आभाळच भरून आले. केळी काळवंडू लागली. तेव्हा सूनबाई ऋजुताबाई पुढे जाहल्या. त्यांजपाशी फळे सुकविण्याचे विजेचे यंत्र होते, त्यात त्या सफरचंदाच्या चकत्या करीत, आणि बाईसाहेब त्यास खोका म्हणत.

"आई, खोक्याला एकदा संधी द्या."

"दे बाई. आभाळाने नाक कापलंच आहे, खोका आणखी काय कापणार?"

मग केळी जाळ्यांवर निजविली आणि वेळ थोडा म्हणून सूनबाईंनी उष्णता चढती ठेविली. सकाळी पाहतात तो केळी वरून कडक आणि आत चिखल. सूनबाईंचे डोळे भरले. "माझंच चुकलं. आणखी तापवू का?" बाईसाहेबांनी एक केळे अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "बंद कर. ऊनसुद्धा संध्याकाळी घरी जातं गं. मग केळ्याच्या पोटातलं पाणी वर येतं, ते दुसऱ्या दिवशीचं ऊन पितं. तुझा खोका मेला विसाव्यावाचून राबतोय." मग केळी पंच्याखाली झाकून दुपारपर्यंत विसाविली आणि वरचा पापुद्रा मऊ जाहला, मग मंद उष्णता, मग पुन्हा विसावा, ऐसे चार वेळा केले. सूनबाई बटण फिरवीत आणि बाईसाहेब अंगठा लावीत. तिसरे दिवशी मधाचा रंग चढला, आणि पुडे पानात बांधून लेकाबरोबर रवाना जाहले.

आठा दिवसांनी मथुताईंचा फोन आला. "अक्का, चार खाल्ली. आज वरणभातही गेला. तुमच्याकडे ऊन चांगलं पडलं वाटतं?"

बाईसाहेब सूनबाईंकडे पाहून वदल्या, "कुठलं गं ऊन! आमच्या ऋजुताने पाडलं."

एवंच, आभाळ फिरले असता सुनेचे यंत्र आणि सासूचा अंगठा एक जाहले आणि बहीण जेवती जाहली. त्या गोडीत कोणाचा वाटा किती, हे त्या घरी आजवर कोणी विचारिले नाही. हकीकत पुरी.