रंगूबाईंची कटाची आमटी

यंदा देवाच्या निशाणाची उंच सासनकाठी दिवस मावळायच्या आत वारणेपार नेऊन दाखवतो, असं आकाराम सुभेदारांनी निघतानाच ठणकावलं होतं. जोतिबाची चैत्री यात्रा, आष्ट्याजवळच्या त्यांच्या गावाची पिढ्यान् पिढ्यांची पायवाट. पण पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदारांना या चालीत शिस्त म्हणून दिसेना. दर गावात लोक काठी अडवत. कुणी सरबत पाजी, कुणी चहा. मंडळी गुळाला मुंगळे चिकटावेत तशी बसत. तिसऱ्या गावात तर खुद्द बायको, विजयमाला, लिंबाखाली आडवी झालेली दिसली आणि सुभेदारांचं टाळकं सटकलं. पुढच्या गावाला आपणच आधी बजावतो म्हणत ते तरातरा एकटेच निघाले.

तिथं वेशीवर जमलेल्यांना त्यांनी दम भरला, की काठी थांबवाल तर याद राखा. लोक मागं सरले. रंगूबाई नावाच्या म्हातारीनं मात्र त्यांना हाताला धरून घरी नेलं, पाय धुतले, पुरणपोळी वाढली. रागात माणूस किती जेवतो याला धरबंध नसतो. सुभेदार ओसरीवर जरा टेकले आणि घोरू लागले.

जाग आली तेव्हा काठी केव्हाच पुढं गेली होती.

"मला उठवलं का न्हाई?" सुभेदार कडाडले.

"तुमीच म्हणलासा, थांबवायचं न्हाई."

रंगूबाईंचाही पारा चढला होता. साऱ्या आळीनं पहाटेपासून रांधलेलं, आणि काठीवाले सुभेदारांचा हुकूम ऐकून उपाशीच पुढं गेलेले.

"आता ह्यो सैपाक कुणी खायाचा? उचला."

त्यांनी सुभेदारांच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वर कटाच्या आमटीचं पातेलं. सुभेदार तणतणत निघाले. वर चैत्राचं ऊन, खाली उसाचा बांध. दर ठेचेला आमटी कानामागून गळ्यात उतरे. ते काठीला बोलले, गावाला बोलले, शेवटी आमटीलाही बोलले. मिशा झणझणत होत्या आणि कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर तिखट तवंग पसरला होता.

वारणेच्या पुलाजवळ मंडळी सापडली. भुकेनं खवळलेली माणसं सुभेदारांवर तुटून पडणार, तोच फोडणीचा वास सुटला. शिव्या ओठांतच राहिल्या, पत्रावळ्या मांडल्या गेल्या. विजयमालानं पातेल्यात डोकावलं. मग नवऱ्याच्या मागची रिकामी वाट बघितली.

"आवं, आन् पोळ्या?"

रंगूबाई पोळ्यांचं गाठोडं बांधायला आत गेल्या होत्या, हे सुभेदारांना आत्ता आठवलं. त्यांनी चुंबळ झटकून खांद्यावर टाकली आणि आल्या वाटेनं परत चालू लागले.