मल्हारीपुढं पाय पसरू नयेत

नाशकातल्या माजी सैनिकांच्या दवाखान्याला हुतात्मा मल्हारीचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा सगुणाबाईंचा जीव भांड्यात पडला. मल्हारी त्यांचा एकुलता एक लेक. पोराच्या नावाचा दवाखाना म्हटल्यावर आपल्या गुडघ्यांना वाली मिळाला, असं त्या धरून चालल्या. भोळ्याच हो बाई!

दोन हजार तीन सालच्या नामकरणाला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. डॉक्टर व्यासपीठावर बसलेले, त्यामुळे गुडघा तेवढा राहिला.

पुढच्या आठवड्यात त्या निफाडहून पुन्हा एसटीनं आल्या. तपासणीच्या खोलीत मल्हारीचा भिंतभर फोटो लागलेला. नेमके दवाखाना समितीचे अध्यक्ष ललितराव आत डोकावले आणि ओरडले, "अहो, हुतात्म्याकडे पाय?" तपासणीच्या टेबलावर आडवे झालेले माजी हवालदार केरू दचकून उठले.

तातडीची सभा भरली. टेबल फिरवलं, तर रुग्णाचं डोकं फोटोकडे आलं, पण डॉक्टरांची पाठ झाली. वीराला पाठ दाखवायची? छे! कमरेतल्या इंजेक्शनचा विषय तर सभेनं मान खाली घालूनच संपवला. फोटो दुसरीकडे लावावा, असं केरू म्हणाले, तेव्हा त्यांच्या देशभक्तीची चौकशी लागली. शेवटी एकमतानं टेबल बाहेर काढलं. टेबल नाही म्हणून डॉक्टरांचीही बदली झाली. घ्या!

"मंग माझा गुडघा कोण बघंल?" सगुणाबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही वीरमाता. तुम्हीच त्यांच्यापुढं पाय पसरणार?" ललितराव म्हणाले.

सगुणाबाई भडकल्या. "अवो, ह्याच पायांवर पालथा घालून न्हाऊ घातलाय म्या त्याला! पाय पसरल्याबिगर पोर वाढतंय व्हय?"

ललितरावांचे डोळे खरोखर भरून आले. त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं आणि भरल्या गळ्यानं आदेश दिला, "हे वाक्य ग्रॅनाइटवर कोरा. सोनेरी अक्षरांत."

कोरलं. दवाखान्याच्या दारातच आहे. आता लांबून लांबून लोक ते वाचायला येतात. तुम्हीही याल, वाचाल, तुमचाही गळा दाटेल. मग फोटो काढताना पायरीवर गुडघा चोळत बसलेली एक म्हातारी मध्ये येईल, आणि तुम्ही अगदी प्रेमानं म्हणाल, "आजी, जरा बाजूला सरकता का?"