पल्सवाला दिनकर

आमचा शेजारी दिनकर बोलता बोलता घड्याळ पाहतो, समोरच्याचं वाक्य मधेच तोडतो आणि ओटीकडे तोंड करून ओरडतो, “आबा, म्हैस कितव्यांदा व्याली ओ?” त्यांच्याकडे कित्येक वर्षांत म्हैस नाही.

हा म्हणे क्वांटमवाला शास्त्रज्ञ. पुण्यातली प्रयोगशाळा सोडून पोलादपुरात येऊन बसलाय. काम विचारलं तर म्हणतो, “पल्स देतो, काका. अणू एका अवस्थेत ठेवायचा असतो, तो दुसरीत घसरायला बघतो. घसरायच्या आत, वेळ साधून टिचकी मारायची.” टिचक्या मारायला एवढं शिक्षण!

गावाने ‘पल्स’ ऐकलं आणि नाडी समजलं. दुसऱ्याच दिवशी आंबेनळीकडच्या वाडीतल्या तीन म्हाताऱ्या मनगटं पुढे करून हजर. या शहाण्याने त्यांनाही अणू समजावला. “टिचक्या सारख्या अंतराने नसतात आजी, त्याला गणित असतं.”

“असूदे रे. पन माझ्या गुडघ्याला काय गुन येल का नाय?”

आबा म्हणजे याचे वडील. थोरला सुरेश मुंबईत वारला, हे ते विसरलेत. लहर आली की छत्री घेऊन सुऱ्याला आणायला थेट हायवेवर. एकदा ट्रकखाली जाता जाता वाचले. त्यावर या विद्वानाचा इलाज काय, तर आबा उठायच्या आत प्रश्न. कधी चार मिनिटांनी, कधी अकरा. दाराला कडी घालायची अक्कल नाही!

परवा औषधं आणायला महाडला जाताना त्याने माझ्या हाती वेळा आणि प्रश्न लिहिलेला कागद दिला. दहा सात, नाचणी कुठं पेरली. दहा अकरा, म्हैस. मी वेड्यासारखा विचारत बसलो. पण छत्रीकडे गेलेला हात आबा दर वेळी मागे घेत आणि उत्तर देत. हा इलाज लागू पडतोय याचाच मला राग आला.

कागद संपला, दिनकरचा पत्ता नाही. आबा उठले. घाईत तोंडाला आलं ते मी विचारलं, “आबा, दिनू कुठं हाय?”

“कोन दिनू?” म्हणत त्यांनी छत्री उचलली.

दिनकर पायरीवर उभा होता. त्याने ऐकलं होतं.

“तो प्रश्न वापरायचा नाही, काका,” तो हळूच म्हणाला. “त्याने ते थांबत नाहीत.” मग आबांकडे वळला. “आबा, सुऱ्या पोहायला कुठं शिकला ओ?”

“सावित्रीच्या डोहात!” आबा हसले, खाली बसले आणि सुऱ्याची सगळी हकिगत त्याला सांगू लागले, परक्या माणसाला सांगावी तशी.