लोरॅन काढल्यास भोकाचे काय?

पाण्यावर माणूस दोन कारणांनी हरवतो. एक, आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही म्हणून. आणि दोन, ते त्याला एकाच वेळी चार जणांकडून कळतं म्हणून. पहिल्या कारणावर विज्ञानाने मात केली आहे. दुसरं विज्ञानानेच निर्माण केलं असून त्याची जबाबदारी अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या सरोवराच्या दक्षिण काठावरच्या हेरिंग बे नौका मंडळाने स्वखुशीने अंगावर घेतली आहे.

या मंडळाची ‘जुनी उपकरणे ठेवावी की काढावी सल्लागार समिती’ आहे. सभासद तिला लाडाने ठेवा-काढा समिती म्हणतात. तिचं कामकाज दर शुक्रवारी, तळलेले मासे संपल्यावर आणि कॉफी येण्याआधी चालतं. स्थापनेपासून समितीपुढे त्रेसष्ट उपकरणं आली आणि त्यांपैकी बासष्ट ‘ठेवावे’ ठरली. उरलेलं एक बोटीसकट बुडालं. (ते बुडताना चालू होतं, असं अध्यक्ष बॉइड रॅस्मुसेन आजही शपथेवर सांगतात.) इतकी एकवाक्यता हल्ली घराघरांतसुद्धा राहिलेली नाही.

या समितीपुढे व्हर्लिन हॉगन मास्तरांचं प्रकरण आलं, तो जून महिना होता. मास्तर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले होते आणि त्यांच्याकडे ‘आर्डिस-दोन’ नावाची शिडाची बोट होती. (आर्डिस-एक म्हणजे पत्नी. नाव ठेवताना तिला विचारलं नव्हतं, पण क्रमांक बघून तिने हरकत घेतली नाही.)

“सप्टेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन,” आर्डिसबाई न्याहारीच्या टेबलावर म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाला, नंतर बोटीच्या शिडीचं नाव काढायचं नाही. ग्रँड मरे पाण्यावरून बघायचं तर याच उन्हाळ्यात. नाहीतर राहिलंच म्हण.”

ग्रँड मरे म्हणजे सरोवराच्या पलीकडच्या काठावरचं गाव. आर्डिसबाईंची आई तिथे जन्मली होती. हे गाव पहिल्यांदा बघावं तर पाण्यावरून, रस्त्याने गेलं की आधी पेट्रोल पंपच दिसतो, असं ती मरेपर्यंत सांगत होती. बोट घेतल्यापासून दर उन्हाळ्यात दोघांचं तिकडे जायचं ठरत आलं होतं. ठरवण्यात त्यांनी एकदाही खंड पडू दिला नव्हता.

“जाऊ की,” मास्तर म्हणाले. त्यांना खरंच जायचं होतं. बायकोवर त्यांचा जीव होता, ही बाब इथे नमूद करणं आवश्यक आहे. “फक्त एकदा पॅनेलचा निकाल लागू दे.”

पॅनेल म्हणजे सुकाणूसमोरची लाकडी फळी, जिच्यात आधीच्या तीन मालकांनी आपापल्या काळातलं एकेक यंत्र ठोकून ठेवलं होतं. मास्तरांनी त्यात एकाची भर घातली होती. समितीने समक्ष पाहणी करून, फळीवर टकटक करून आणि आर्डिसबाईंनी केलेली लिंबाची वडी संपवून पुढीलप्रमाणे अहवाल दिला:

‘लोरॅन. काठावरच्या मनोऱ्यांचे संदेश पकडून ठिकाण सांगणारे खोके. मनोरे सरकारने केव्हाच बंद केले. तथापि बटण दाबताच दिवा लागतो व “शोध चालू” अशी अक्षरे उमटतात. यंत्र आपले कर्तव्य बजावीत असून कसूर मनोऱ्यांची आहे. ठेवावे.

पहिले जीपीएस. ठिकाण अचूक. साल मात्र वीस वर्षांपूर्वीचे दाखवते. तारखेसाठी घरी कॅलेंडर असतेच. ठेवावे.

नकाशाचा पडदा. नकाशा किंचित सरकलेला असल्याने बोट सदैव लूथरन चर्चच्या हिरवळीवर उभी दिसते. पाद्रीसाहेबांची हरकत नाही. ठेवावे.

खोलीमापक. कायम चौदा फूट पाणी दाखवते. हिवाळ्यात बोट गोदामात ठोकळ्यांवर चढवली असतानाही चौदाच. असे सातत्य आज दुर्मीळ आहे. ठेवावे.’

शिवाय मास्तरांच्या मुलीने नाताळात दिलेला टॅब्लेट होता. तो सगळं बरोबर सांगत असे. पण तो जुना नसल्याने समितीच्या कक्षेत बसेना. आणि ज्या यंत्रावर पत्तेही खेळता येतात, त्याच्या शब्दावर कितपत विसंबावं, असा शेरा अध्यक्षांनी मारला.

“वीस वर्षांपूर्वी माझे गुडघे चांगले होते,” आर्डिसबाई म्हणाल्या. “त्या खोक्यालाच विचार की व्हर्लिन, त्याच्या सालात आपण गेलो होतो का ग्रँड मरेला.”

मास्तरांनी यंत्र तपासलं. तशी नोंद आढळली नाही.

कोणी म्हणेल, निदान लोरॅन तरी काढून टाकायचं. असं म्हणणाऱ्याने कधी बोट बाळगलेली नसते. लोरॅन काढल्यावर फळीत लोरॅनएवढं भोक उरतं. त्या मापाचं दुसरं यंत्र आता जगात कोणी बनवत नाही. म्हणजे बंद यंत्र काढून चालू भोक ठेवायचं, आणि त्यातून येणारं पाणी मात्र अगदी अद्ययावत. शिवाय लोरॅनच्या मागून निघणारी काळी वायर सोळा वायरींच्या जुडग्यात शिरते, तिथे तिचं पुढे काय होतं ते कोणालाच ठाऊक नाही. जुलैत मास्तरांनी धीर करून ती उपसली, तर शेजारच्या बोटीवरचा रेडिओ बंद पडला. (शेजारी ओडेल याचं म्हणणं, तो रेडिओ त्याने स्वतःच्या हाताने बंद केला. समितीने हे म्हणणं ग्राह्य धरलं नाही.) मास्तरांनी वायर घाईघाईने परत खोचली.

त्या सबंध महिन्यात आर्डिसबाई दर शनिवारी सँडविचची टोपली भरून धक्क्यावर येत. मास्तर पॅनेलमागे कंबरेपर्यंत शिरलेले असत. दुपारी दोघं बांधलेल्या बोटीत बसून सँडविचं खात, म्हणजे प्रवासाचा निम्मा भाग नियमित पार पडत होता. आर्डिसबाई खाताना पलीकडच्या काठाकडे बघत. तो काठ इथून दिसत नाही, तरी बघत.

ऑगस्ट सरत आला, तेव्हा समितीचा अंतिम निर्णय हाती पडला. चारही यंत्रं ठेवावीत. परंतु त्यांच्यात मतभेद असल्याने निवाडा करण्यासाठी पाचवं बसवावं. त्यासाठी फळीत नवीन भोक पाडावं. सुताराला ऑक्टोबरात सवड होती.

मास्तरांनी निर्णय वाचून दाखवला, तेव्हा आर्डिसबाई टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी टोपलीवरचं फडकं पुन्हा नीट बांधलं. ओडेलला ते बघवेना. तो स्वतः समितीचा सभासद होता, पण मुख्यतः माशांपुरता. त्याच्या आणि बायको बर्निसच्या बोटीवर एक होकायंत्र होतं आणि कॉफीच्या डब्यात ठेवलेला फोन.

“उद्या हवा चांगली आहे,” ओडेल म्हणाला. “मी नि बर्निस पलीकडे चाललोय. चला की दोघं. जागा आहे.”

“पॅनेल उघडं आहे रे,” मास्तर म्हणाले. “स्क्रू सगळे ताटलीत पडलेत.”

“स्क्रूंना पाय फुटणारेत का व्हर्लिन?” आर्डिसबाईंनी विचारलं.

“तसं नाही गं. पण आत्ता हात काढला, तर कुठली वायर कुठली ते कळायचं नाही.”

“आणि आत्ता कळतंय?”

मास्तर अभ्यासू माणूस. त्यांनी या प्रश्नावर मनापासून विचार केला. तो संपेपर्यंत आर्डिसबाई ओडेलच्या बोटीवर चढून, शिडीवर गुडघा कुठे दुखतो आणि कुठे नाही, ते बघून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांचा फोन वाजला.

“व्हर्लिन, दिसतंय रे!” आर्डिसबाईंचा आवाज वाऱ्याने फाटत होता. “अख्खं गाव दिसतंय. आधी दीपस्तंभ, मग चर्च, मागे डोंगर, आई सांगायची तसंच. बर्निस हसतेय मला, मी आपली रडत बसलेय.” मग त्या हळूच म्हणाल्या, “तू कुठे आहेस?”

आपण तिच्याशेजारी असायला हवं होतं, हे मास्तरांना त्या क्षणी लख्ख कळलं. तेच बोलायला त्यांनी तोंड उघडलं. पण प्रश्न ठिकाणाचा होता आणि समोर पॅनेल होतं.

“लोरॅन शोधतंय,” मास्तर म्हणाले. “जीपीएसप्रमाणे धक्क्यावरच, पण साल वेगळं आहे. नकाशाप्रमाणे चर्चच्या हिरवळीवर. पाणी चौदा फूट.”

पलीकडून “बरं” असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

पुढच्या शुक्रवारी समितीने मास्तरांच्या अभिनंदनाचा ठराव केला. ऐन वेळी, भावनेच्या आहारी न जाता, चारही उपकरणांचा त्यांनी योग्य क्रमाने वापर केला, याची ठरावात आवर्जून दखल घेण्यात आली. त्याच सभेत ओडेलचं सभासदत्व रद्द झालं, कारण कुठलाही निर्णय झालेला नसताना तो सरोवर ओलांडून गेला आणि परतही आला.

त्यामुळे समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. मास्तरांचं फोनवरचं उत्तर वाचताना काही वाचकांच्या मनात सहज येऊन गेलं असेल की, मग त्या चारांपैकी बरोबर कोणतं म्हणायचं? त्यांनी ओशाळू नये. प्रश्न अत्यंत रास्त असून समितीला नेमका असाच माणूस हवा आहे. बोट असण्याची अट नाही.