दंतवैद्याची तलवार

बायको ड्रॅगनच्या पंजाखाली अडकलेली आणि नेमका तेव्हाच दंतवैद्याचा फोन वाजला.

अडकली होती ती खेळात. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून त्यावर गुहेचा नकाशा पसरायचा, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत राक्षसांशी लढायचं, असा या घराचा रिवाज होता. राक्षस, गुहा, हवापाणी सगळं सासूबाईंच्या ताब्यात. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. खेळ त्यांना मुलाने, म्हणजे दंतवैद्याच्या मेहुण्याने, शिकवला, पण महिन्याभरात पुठ्ठ्याच्या आडोशामागची सूत्रधाराची खुर्ची त्यांनी बळकावली आणि शाळा पुन्हा सुरू झाली.

पात्राचा स्वभाव आधीच जाहीर करायचा आणि मग त्याला जागायचं. बायको चोर होती, आधी स्वतःची कातडी वाचवणारी. मेहुणा जादूगार आणि पक्का तटस्थ. दंतवैद्य मात्र धर्मवीर! त्याने खोटं बोलायचं नाही. बोलला की त्याची तेजस्वी तलवार विझली. आठवडाभर रोग्यांना थापा मारणाऱ्या माणसाला रविवारी तेवढंच पुण्य पदरात पडल्यासारखं वाटायचं. ती तलवार त्याने जिवापाड जपली होती.

त्यात सासूबाईंचा खास नियम होता. टेबलाशी बसून जे बोललं, ते पात्र बोललं. मेहुणा एकदा नुसतं "झोप येतेय" म्हणाला, तर त्याचा जादूगार भर लढाईत घोरायला लागला होता.

फोनवर दुसऱ्या दिवशी दाढ काढायला येणारे हवालदार होते.

"डॉक्टर, दुखेल का हो?"

"छे हो! मुंगी चावल्यासारखं वाटेल."

त्याने फोन ठेवला. आडोशामागून सासूबाईंचा चष्मा हळूहळू वर आला.

"तलवार विझली."

"अहो आई, तो पेशंट होता!"

"टेबलाशी बसून बोललात ना? धर्मवीर खोटं बोलला."

"माझ्या छातीवर पंजा आहे," बायको ओरडली. "त्यांना परत फोन लाव आणि खरं सांग!"

दंतवैद्याने मुकाट्याने फोन लावला. "हवालदारसाहेब, खरं सांगायचं तर दुखेल. बऱ्यापैकी दुखेल." मग उद्या अचानक बंदोबस्त लागल्याचं हवालदारांना आठवलं आणि फोन बंद झाला.

"पेटली?" त्याने आशेने विचारलं.

"नुसती धुगधुगतेय," सासूबाई म्हणाल्या. "धर्मवीराच्या पोटात अजून काहीतरी आहे." आणि त्यांनी ठणकणाऱ्या गालावर हात ठेवला.

दंतवैद्य हातातला फासा उगाच निरखू लागला. गेल्या आठवड्यात त्याने सासूबाईंची किडकी दाढ काढली होती. म्हणजे, काढायला घेतली होती. ट्रेमध्ये पडली ती मोत्यासारखी पांढरीशुभ्र निघाली. किडकी शेजारीच, जागच्या जागी. "आता हिला एकटं वाटतंय, म्हणून ठणकतेय. होईल सवय," असं सांगून त्याने त्यांची बोळवण केली होती. खरं काय ते फक्त बायकोला माहीत होतं, तेही शपथ घालून.

"अरे, सांगून टाक ना आईला!" बायको म्हणाली.

"काय सांगून टाक?" आडोशामागून आवाज आला.

"तू गप्प बस!" दंतवैद्य बायकोवर खेकसला.

"का गप्प बसू? मी चोर आहे. शपथा मोडणं माझ्या स्वभावातच आहे!"

दंतवैद्याने केविलवाण्या नजरेने मेहुण्याकडे पाहिलं.

"मी तटस्थ आहे, जिजाजी," मेहुणा म्हणाला. घरच्या भांडणातही तो एवढंच म्हणायचा.

एकीकडे सासूबाई, दुसरीकडे तलवार. दंतवैद्याने डोळे मिटले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. चुकीची दाढ, पांढरीशुभ्र, शेजारची, एकटं वाटणं वगैरे काही नाही, चूक झाली, माफ करा.

सासूबाईंनी आडोशामागे काहीतरी टिपून घेतलं.

"उजळली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "लखलखतेय. टाका फासा."

दंतवैद्याला एकदम हलकं हलकं वाटलं. खरं बोलल्याचा एवढा आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता. त्याने फासा टाकला आणि सगळ्यात मोठा आकडा पडला! बायकोने टाळी वाजवली, मेहुणासुद्धा घटकाभर तटस्थ राहिला नाही.

"वार बसला," सासूबाई म्हणाल्या. "अगदी मुळापासून उपटलात."

"म्हणजे ड्रॅगन मेला?"

"मेला. शेजारचा."

"गुहेत दोन होते?"

"होते ना. तो बिचारा धडधाकट होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हा जागच्या जागी आहे. आता तुमच्याकडे वळून त्याने जबडा उघडलाय."

गालावरचा हात तसाच ठेवून सासूबाई आडोशावरून पुढे वाकल्या. त्यांचा आवाज कमालीचा गोड झाला होता.

"घाबरू नका, जावईबापू. मुंगी चावल्यासारखं वाटेल."