पेन्सिलीच्या रेघा

चिखलीच्या बाजारपेठेमागच्या एका वाचनालयात नियम होता: वाचक मंडळाने हाती घेतलेल्या पुस्तकाचा गूढार्थ सापडल्याशिवाय दुसऱ्या पुस्तकांचे कपाट उघडायचे नाही. नियम अध्यक्ष रंगराव गुरुजींचा होता आणि तो सर्वांना नीट समजला होता. कादंबरी मात्र कुणालाच समजली नव्हती.

ती अभिजात होती, म्हणजे तिचे नाव घेताना लोक आवाज खाली आणत. पहिल्या पानावर एक माणूस बंद दारापुढे उभा राही आणि शेवटच्या पानावरही तिथेच असे. दोन पावसाळे गेले. त्याचे दार उघडेना आणि मंडळाचे कपाटही.

मंडळातल्या कौशल्याबाईंचा जीव त्या कपाटात होता. आत एक रहस्यकथा होती. माहेरी ती निम्मी वाचून झाली आणि लग्न ठरले. सासरी या वाचनालयातून फक्त भारदस्त पुस्तके येत. तेव्हा कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाचा खून कुणी केला, हा प्रश्न त्यांनी उभा संसार मनात सांभाळला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता.

मंडळाचे काम शिस्तीत चालले होते. कादंबरीत काही वाक्यांखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. गूढार्थ तिथेच दडला असणार, म्हणून रेघांची उपसमिती झाली. एक रेघ मध्येच तुटली होती. ती मानवी अस्तित्वाची शोकांतिका असल्याचे रंगरावांनी सांगितले, तेव्हा दोघांनी डोळे पुसले.

पुस्तक उपसमितीच्या ताब्यातून कौशल्याबाईंच्या हाती आले ते त्यानंतर. त्यांनी ते चष्म्याजवळ धरले.

"गुरुजी, ह्या रेघा तं माह्या हायेत. नवी सून होती तवा वाचलं होतं. जे समजलं नाही, त्याच्याखाली रेघ मारली. म्हटलं, घरच्याइले विचारीन."

"मग काय म्हणाले ते?"

"त्याइलेबी समजलं नाही. पण त्याइनं तसं सांगतलं तरी."

"आणि ही तुटलेली रेघ?"

"तिथं दूध उतू चाललं होतं."

पण रंगराव डगमगले नाहीत. साक्षात रेघकर्त्या हजर असताना उपसमितीची गरजच काय, असे म्हणून त्यांनी ती बरखास्त केली आणि गूढार्थ सांगण्याचा पूर्ण अधिकार एकमताने बाईंना दिला. मला आजही समजलेले नाही, असे बाईंनी परोपरीने सांगितले. इतिवृत्तात त्यांच्या विनयाची नोंद झाली.

बाईंनी एकदा कपाटाच्या कुलपाकडे पाहिले आणि पदर सावरला.

"सापडला," त्या म्हणाल्या. "पण तो सांगता येत नाही, आतून उमगा लागते. ज्याले उमगला नसंन, त्यानं हात वर करा."

पंखा फिरत राहिला. एकही हात हलला नाही. रंगराव म्हणाले, मला दिवाळीपासूनच तसा संशय होता. किल्ली आली.

रहस्यकथा घेऊन घरी निघालेल्या कौशल्याबाईंना देऊळघाटची एसटी गावात शिरेपर्यंत खुनी सापडला होता. मुनीमच होता मेला! त्या एकट्याच इतक्या हसल्या की कंडक्टरने वळून पाहिले.

पुढच्या बैठकीत त्यांनी आनंदाने ते सांगितले. रंगराव गंभीर झाले. मुनीम हा केवळ वरवरचा खुनी आहे, असे म्हणून त्यांनी कपाटाला पुन्हा कुलूप घातले.

तर मंडळी, या गोष्टीतही एक गूढार्थ आहे. ज्यांना तो सापडला नसेल, त्यांनी हात वर करावा.

कुणीच नाही? तशी नोंद घेतली आहे.